कंकणाचे रंग खरे की भरलेले?



मागच्या हिवाळ्यात आमच्या मोआदोनमध्ये मी एक फोटो दाखवला होता. काळ्या आकाशात एक छोटेसे कंकण, आतून निळसर हिरवे आणि कडेला लाल. हा एका मरणाऱ्या ताऱ्याचा फोटो आहे, मी आणि माझ्या नातवाने दिमोनाच्या बाहेर उभे राहून काढला आहे, असे मी सांगितले. सगळ्यांनी वाहवा केली. चहा झाला. मग मागच्या खुर्चीवरून एक काका म्हणाले, "बाई, हे रंग खरे आहेत की कॉम्प्युटरने भरलेत?" काका नव्वदीला टेकलेत, पण प्रश्न नेमका विचारतात.

मी म्हटले, "खरे आहेत काका."

घरी आल्यावर मला झोप येईना. कारण त्या फोटोतला लाल रंग मी वाढवला होता. कडा फिकी दिसत होती म्हणून माउसने तेवढीच जागा निवडली आणि लाल केली. मुंबईला नर्सिंगचा डिप्लोमा घेतला तेव्हापासून रिटायर होईपर्यंत, न मोजलेला ताप मी कधी चार्टवर लिहिला नाही. रात्रपाळीत कितीही डोळे मिटत असले तरी नाही. आणि इथे मात्र माझ्या हातून तसेच झाले होते.

म्हणून काकांना पूर्ण उत्तर द्यायचे ठरवले. उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हा लेख.

आधी हे कंकण काय आहे ते सांगते. याला एम ५७ म्हणतात, इंग्रजीत रिंग नेब्युला. १७७९ साली फ्रान्समध्ये धूमकेतू शोधणाऱ्यांना हे पहिल्यांदा दिसले. असल्या वस्तूंना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात, पण ग्रहांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. विल्यम हर्शलने १७८१ साली युरेनस ग्रह शोधला होता. पुढे त्याला दुर्बिणीतून अशा गोल, फिक्या तबकड्या दिसू लागल्या. त्या ग्रहासारख्या वाटल्या, म्हणून त्याने तसे नाव दिले. नाव चुकले आणि चिकटले. आपल्याकडे घरात एखाद्याला लहानपणी बाळ्या म्हणतात आणि तो ऐंशी वर्षांचा झाला तरी बाळ्याच राहतो, तसे.

तारा मरतो म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर स्फोट येतो. फार मोठे तारे तसे जातात खरे. आपल्या सूर्यासारखा तारा मात्र हळूहळू जातो. पोटातले हायड्रोजनचे इंधन संपत आले की तो फुगतो, लाल होतो, आणि अंगावरचे वायूचे थर बाहेर सोडत राहतो. शेवटी आतला गाभा उघडा पडतो. पृथ्वीएवढाच, पण भयंकर तापलेला. एम ५७च्या गाभ्याचे तापमान एक लाख अंशांच्या वर आहे. त्यातून निघणाऱ्या अतिनील किरणांनी भोवतीचा सोडलेला वायू चमकू लागतो. ही चमक काही हजार वर्षे टिकते. ताऱ्याच्या अब्जावधी वर्षांच्या आयुष्यात हे म्हणजे शेवटचे चार श्वास. आपल्या सूर्यावर ही वेळ यायला अजून सुमारे पाचशे कोटी वर्षे आहेत, तेव्हा घाबरू नका.

हा वायू आहे हे कसे कळले? १८६४ साली विल्यम हगिन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने अशाच एका दुसऱ्या तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्याचा प्रकाश असता तर सात रंगांचा पट्टा दिसला असता. त्याला दिसल्या फक्त थोड्या सुट्या चमकदार रेघा. म्हणजे हा तारा नव्हे, विरळ वायू. त्यातली हिरवी रेघ तर पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना. लोकांनी एक नवे मूलद्रव्य मानून घेतले, नाव दिले नेब्युलियम. साठ-पासष्ट वर्षे हे चालले. १९२७ साली आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सांगितले की हा साधा ऑक्सिजन आहे, फक्त त्याच्या अणूंतले दोन इलेक्ट्रॉन गेलेले आहेत, आणि वायू इतका विरळ असला तरच ही रेघ उठून दिसते. हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून बाजूला ठेवला. ज्या ऑक्सिजनचे सिलिंडर मी आयुष्यभर उघडले आणि बंद केले, त्याचाच हा हिरवा प्रकाश.

तर काका, हिरवा रंग खरा आहे. पण तो डोळ्याला दिसतो का? इथेच घोटाळा आहे.

मी दुर्बिणीला डोळा लावून पाहिले तेव्हा मला रंग दिसला नाही. राखाडी धुराचे एक वेटोळे दिसले, कुणी विडी ओढून सोडल्यासारखे. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. चांदण्यात लाल साडी आणि निळी साडी ओळखू येत नाही ते यामुळेच. त्यात आपले वय. तरुणपणी अंधारात बाहुली जेवढी उघडते तेवढी सत्तरीनंतर उघडत नाही, म्हणजे प्रकाशही कमीच आत येतो. माझे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, तरी बाहुली ती बाहुलीच. आणखी एक गोष्ट, डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणाचा काही भाग पाहतो, पुसतो, पुन्हा पाहतो. तुम्ही तासभर टक लावून बसलात तरी तासाभराचा प्रकाश गोळा होत नाही. कॅमेऱ्यात तो होतो. सगळा फरक एवढाच आहे.

आमचे सामान फार भारी नाही. नातवाने जुनी घेतलेली सहा इंची आरशाची दुर्बीण, तिची नळी पाऊण मीटर लांब, आणि डोळा लावायच्या जागी बसवलेला साधा कॅमेरा, लग्नसमारंभात लोक आणतात तसला. खाली मोटार बसवलेली तिपाई. खरी किंमत त्या तिपाईची. पृथ्वी फिरते आहे, म्हणून आकाश सरकते. मोटार नसेल तर एम ५७ सहा-सात सेकंदांत स्वतःच्या लांबीएवढे पुढे जाते आणि फोटोत कंकणाऐवजी सॉसेज येतो. मोटारीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आपण जितक्या अक्षांशावर राहतो, ध्रुव क्षितिजापासून तितकाच अंश वर असतो. इथे दिमोनात तो ३१ अंशांवर आहे. अलिबागला असते तर साडेअठरा अंशांवर, नारळाच्या झावळ्यांमागेच शोधावा लागला असता.

रात्र निवडणे आपल्या लोकांना सोपे आहे, कारण आपले पंचांगच चंद्राचे. रोश होदेशच्या आसपास अंधार, महिन्याच्या पंधराला पौर्णिमा. महिन्याच्या बावीस तारखेपासून पुढच्या महिन्याच्या तीन-चार तारखेपर्यंत संध्याकाळचे पहिले तास काळे मिळतात. उन्हाळ्यात तू बे-आवच्या रात्री चांदण्यात फिरायला जा, फोटोचा विचार करू नका. आम्ही एलुलच्या रोश होदेशआधीच्या आठवड्यात गेलो, तासाभरावर मित्झपे रामोनच्या बाजूला. तिथल्या मख्तेशच्या परिसराला २०१७ साली आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि तेल अवीव विद्यापीठाची वाइज वेधशाळा तिथे १९७१पासून आहे. मात्र ऑगस्टच्या बारा-तेरा तारखेला उल्का बघायला गर्दी उसळते, मोटारींच्या दिव्यांनी डोळे दिपतात. त्या दिवशी जाऊ नये.

शब्बातचे तीन तारे मोजायची सवय आपल्याला आहेच. उन्हाळ्यात डोक्यावर जे तारे पहिल्यांदा दिसतात त्यांत एक असतो अभिजित, ठळक आणि निळसर पांढरा. त्याच्या शेजारी चार फिक्या ताऱ्यांचा एक तिरका चौकोन आहे. अभिजितपासून लांबच्या बाजूला जे दोन तारे आहेत, त्यांची नावे अरबी आहेत, शेल्याक आणि सुलाफात. त्या दोघांच्या मध्ये, शेल्याकच्या किंचित जवळ, एम ५७ आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. चंद्राच्या रुंदीच्या विसाव्या भागाएवढेच ते आहे. आमच्या कॅमेऱ्याचा फोटो सहा हजार ठिपके रुंद असतो, त्यात हे कंकण जेमतेम पाऊणशे ठिपक्यांचे. म्हणून तुम्ही पाहिलेला फोटो आजूबाजूचे बरेच कापून मोठा केलेला होता. हेही मी तेव्हा सांगितले नव्हते.

ऑगस्टच्या अखेरीस ते रात्री नऊच्या सुमारास आपल्या अगदी डोक्यावर येते. मान दुखते, आणि अशा तिपाईवर डोक्यावरची रेघ ओलांडताना दुर्बीण अर्ध्या कामात उलटी फिरवावी लागते. म्हणून आम्ही ते पश्चिमेला कलेपर्यंत थांबलो, थर्मासमधला चहा प्यायलो आणि दहाला सुरुवात केली. वाळवंटात दंव कुठले असे वाटते ना? नेगेवच्या पठारावर उन्हाळ्याच्या रात्री चांगले दंव पडते. शोधायच्या छोट्या दुर्बिणीची काच धुरकट झाली. नातवाने बाही पुढे केली, मी त्याचा हात धरला. काच बाहीने पुसायची नसते, चरे पडतात. गाडीतून वीज घेऊन हलकी ऊब दिली.

आता तुम्ही म्हणाल, एक तासभराचा फोटो काढला असेल. नाही. ३० सेकंदांचे १४० फोटो काढले. एकच लांब फोटो काढताना वारा आला, कुणी तिपाईला धक्का दिला, विमान गेले, की सगळे फुकट. लहान लहान फोटोंत खराब निघाले तेवढे टाकून देता येतात. आमचे १८ वाऱ्याने हलले होते, ते काढले. उरले १२२, म्हणजे एक तास आणि एक मिनिट. उपग्रह एक-दोन फोटोंतच रेघ ओढून जातो. पेशंट हलला म्हणून एखादे ब्लडप्रेशर भलतेच आले तर आपण ते धरत नाही, तसा कॉम्प्युटरही ती रेघ वगळतो.

एका फोटोत कंकण अंधुक असते आणि सगळीकडे रवाळ ठिपके नाचत असतात. हे ठिपके आकाशातले नव्हेत, ती कॅमेऱ्याची स्वतःची खरखर. नाडी मोजताना आम्हाला शिकवले होते की ती बारीक आणि अनियमित लागली तर पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा. थोडा वेळ मोजले तर चूक मोठी होते. तेच इथे. खरा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, खरखर मात्र कधी इथे, कधी तिथे. सगळ्यांची सरासरी काढली की खरखर आपापसात विरते. शंभर फोटो घेतले तर चित्र दहापट स्वच्छ होते, शंभरपट नाही. वर्गमुळाचा हिशेब आहे. म्हणजे दुप्पट स्वच्छ हवे तर चौपट वेळ बसा. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांना ते जमते.

मग झाकण लावून काही फोटो काढायचे, तितक्याच सेकंदांचे, त्याच रात्री, कॅमेरा तितकाच गरम असताना. त्यात काय येणार, अंधार! पण त्या अंधारात कॅमेऱ्याचे आपले दोष दिसतात, कुठला ठिपका उगाच पेटतो ते. ते मूळ फोटोतून वजा करायचे. बाळाचे वजन करताना आधी दुपट्याचे वजन घेऊन वजा करतो, अगदी तसेच. आणि पहाटे नळीच्या तोंडावर उशीचा पांढरा अभ्रा ताणून बांधायचा आणि काही फोटो घ्यायचे. आत धूळ कुठे बसली आहे, कडेला कुठे काळोखी येते ते त्यात समजते. अभ्रा धुतलेला आणि इस्त्रीचा असावा, चुण्या नकोत.

हे सगळे रचण्यासाठी डीपस्कायस्टॅकर, सिरिल असे प्रोग्रॅम फुकट मिळतात. मी सिरिल वापरते. नातवाने शिकवले, मी वहीत लिहून घेतले. तो नसतानाही आता जमते.

रचून झालेला फोटो पडद्यावर उघडला की पहिल्यांदा जवळजवळ काळाच दिसतो. प्रकाश त्यात असतो, पण फार खालच्या पायरीवर. तो उजळावा लागतो. इथून पुढे खरे-खोट्याचा प्रश्न सुरू होतो. सगळ्या फोटोला सारखे उजळले, तर ते चष्मा लावण्यासारखे. चष्म्याने अक्षर नवे तयार होत नाही, होते ते दिसते. पण एक कोपरा धरून तिथेच रंग ओतला, तर तुम्ही पत्रातले अक्षर बदलले. मी पहिल्या वेळी तेच केले होते. शिवाय कडा धारदार करायचे बटण इतके दाबले की कंकणाबाहेर आणखी एक बारीक वळे उमटले. मला वाटले काही नवेच सापडले! नातू म्हणाला, "सव्ता, हे आकाशात नाही, बटणातून आलंय." एम ५७भोवती फिके बाहेरचे थर खरोखर आहेत, २०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीने त्यांतल्या कमानी दाखवल्या. पण माझे वळे ते नव्हते.

लाल कडा फिकी का येत होती, ते नंतर कळले. बाहेरच्या भागात हायड्रोजन आणि नायट्रोजन गडद लाल प्रकाश देतात. तो प्रकाश खरा आहे. पण साध्या कॅमेऱ्यात माणसांचे चेहरे नीट यावेत म्हणून कारखान्यातच एक काच बसवलेली असते, ती नेमका हा गडद लाल बराचसा अडवते. म्हणजे लाल आहे, माझ्या कॅमेऱ्याला तो कमी दिसतो. ही कॅमेऱ्याची उणीव. ती लिहून ठेवायची, हाताने भरून काढायची नाही.

जुना फोटो सुधारता आला नाही. नातवाने डिस्कवर जागा करताना मूळ फोटो पुसून टाकले होते. म्हणूनच एलुलच्या आधी पुन्हा जावे लागले. या वेळी मी नियम केला, जे काही करायचे ते संपूर्ण फोटोला, आणि केलेले सगळे वहीत. रंग जुळवताना सिरिल त्याच फोटोतले तारे तारकासूचीतून ओळखते आणि त्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून माप धरते, माझ्या आवडीवरून नाही. फोटो पहिल्यापेक्षा फिका आला. हिरवे-निळे पोट चांगले आले, कडा विटकरी गुलाबी. मोआदोनमध्ये कुणी वाहवा करणार नाही असा. पण या वेळी मधोमध एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उमटला. हाच तो तारा. दुर्बिणीला डोळा लावून आम्हाला तो कधीच दिसला नव्हता.

कुणाला करून पाहायचे असेल तर एक सांगते. हे सामान वीस किलोच्या वर जाते, एकट्याने उचलू नका. कंबर धरली की दुर्बीण माळ्यावर जाते. हल्ली दोन-तीन किलोच्या छोट्या दुर्बिणी निघाल्यात, त्या आपोआप तारा शोधतात, फोटो आपणच रचतात आणि फोनवर दाखवतात. त्यांत एम ५७ फारच लहान दिसते, पण रंग कळतो, आणि खास काच लावली तर गावातल्या गच्चीवरूनही जमते. फक्त हे लक्षात असू द्या की ती काच थोडेच रंग आत सोडते, त्यामुळे भोवतालच्या ताऱ्यांचे रंग तुम्हाला खरे मिळणार नाहीत.

सुक्कोत झाल्यावर मी काकांच्या घरी गेले. दोन फोटो छापून नेले होते, एक १२२ फोटोंचा रचलेला आणि एक नुसता ३० सेकंदांचा, कशालाही हात न लावलेला. आधी झाले ते सांगितले, लाल मी वाढवला होता म्हणून. काका काही बोलले नाहीत. तेफिल्ला वाचायचे भिंग काढून त्यांनी रचलेला फोटो बराच वेळ पाहिला. "मधला ठिपका?" म्हणाले. मी म्हटले, "तोच तारा. हा प्रकाश निघाला त्याला सुमारे अडीच हजार वर्षं झाली, दुसरं मंदिर उभं राहिलं त्या काळात." मग त्यांनी दुसरा, काळा फोटो हातात घेतला आणि भिंग त्याच्यावरून सावकाश फिरवू लागले. मी बोट दाखवायला गेले तर म्हणाले, "थांब, दाखवू नको." त्यांच्या सूनबाईने चहा आणला, तो गार झाला. शेवटी एका जागी भिंग थांबले. राखाडी, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान.

"हे ना?"

हो, तेच होते. तो फोटो त्यांनी ठेवून घेतला. रंगीत मला परत दिला.